टपावरच्या वीस पेट्या

जुनी गाडी दिसली की लोक आधी तिचा गंज बघतात. बघा, मित्रांनो, माझाही बघा. दरवाज्याखाली आहे, मडगार्डला आहे, मागच्या नंबरच्या पाटीला तर मुंगी आरपार जाईल एवढी भोकं पडलीत. पण एक सांगून ठेवते. पत्रा गंजतो, डूख गंजत नाही. मी एका माणसावर दोन वर्षं डूख धरला होता, आणि तो फेडला तेव्हाच माझ्या इंजिनाला गार वाटलं. त्याची ही गोष्ट.

मी जन्मले दूर, थंडीच्या मुलखात. तिथून आले एडनला, आणि एडनहून बोटीच्या पोटात बसून मुंबईला. एका पारशी बावाजीने मला आणली. माझ्या पोटात दोन माणसांचं अंथरूण, एक मोरी, एक कपाट, पाण्याची टाकी आणि शेगडी. घरच म्हणा, चाकं लावलेलं. इंजिन मात्र पुढे नाही, माझ्या पाठीत. म्हणून तोंड हलकं आणि बूड जड. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दर थंडीत बावाजी आणि त्यांची बायको रत्नागिरीला यायचे. भाट्याच्या किनाऱ्याला सुरूच्या बनात मला उभी करायचे आणि महिना महिना राहायचे. हातखंब्याच्या पलीकडे सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, एक गाव आहे, तिथला बाबल्या त्यांनी ड्रायव्हर म्हणून धरला. काळा, किडमिडीत, बोलायला कमी. गाडीला हात लावताना असा लावायचा की जशी गाभण गाय. राजिवड्याचा अयूबचाचा ताजी मासळी घेऊन यायचा. मूळचा नाटे गावचा, सगळी उमर मचव्यावर, म्हणजे मोठ्या होडीवर, सुकाणू धरणारा तांडेल म्हणून गेली, गुडघे गेले तेव्हा जमिनीवर आला. लोक मला 'झोपायची गाडी' म्हणायचे आणि बायका आत डोकावून मोरी बघून जायच्या.

बावाजीचा एकच हुकूम होता. टपावर काही ठेवायचं नाही. टपावर कॅरियर होता, पण तो रिकामा. एकदा बाबल्याने बावाजीची घडीची खाट वर बांधली तर म्हातारा ओरडला, "अरे डिकरा, हिच्या डोक्यावर कबूतर पण बसू देऊ नको." बाबल्याने ते कायमचं ध्यानात ठेवलं.

मग बावाजीची नजर गेली. गाडी कोण वापरणार? बाबल्याच्याच गावच्या महिपतशेठने मला घेतली. दोन कलमांच्या बागा, पांढरी टोपी, आणि गोड बोलणं. बोलणं इतकं गोड की माणसाला वाटावं शेठ आपलाच चुलता आहे. पहिल्याच दिवशी त्याने माझं अंथरूण, मोरी, कपाट सगळं उपटून बाहेर फेकलं. त्या मोरीतून पुढे त्याची म्हैस पाणी पिताना दिसली मला. हा पहिला घाव. मी मोजून ठेवला.

मला लावली आंबे वाहायला, आणि माझ्याबरोबर बाबल्यालाही. चार वर्षं चाकरी केली. शॉकअप गेले, बदलले नाहीत. स्टेअरिंगला चार बोटं ढील आली, म्हणजे चाक चार बोटं फिरवा तेव्हा कुठे माझं तोंड हलायचं. चारी टायरांत हवा सारखीच भरायचे, मागे वजन जास्त हे कुणी बघायचं? वारा आला की मी डुलायची. सड्यावरून जाताना लोक हसायचे, म्हणायचे, ही बघा महिपतशेठची म्हैस चालली चरायला. मी ऐकत होते. ते घावही मोजले.

ब्याऐंशी सालचा वैशाख. पन्नास पेट्या चिपळूणला न्यायच्या होत्या. आत तीस मावल्या ऐसपैस. अजून मावल्या असत्या, नीट रचल्या तर, पण शेठला घाई. म्हणाला, उरलेल्या वीस घाला टपावर. बाबल्या म्हणाला, शेठ, टपावर नको, निवळीच्या उताराला ही धरणार नाही. मी आत रचतो, अर्धा तास द्या. शेठ गोड हसला. "गाडी माझी, आंबा माझा. तुझं काय हाय रे ह्यात?"

बाबल्याचं काय होतं ते शेठला दिसलं नाही. बाबल्याचा जीव होता.

वीस पेट्या डोक्यावर घेऊन मी निघाले. निवळीचा घाट उतरताना, बावनदीचा पूल येण्याआधी, एक वळण आहे. करवंदीचं वळण म्हणतात. बाबल्या तीसनेच चालला होता. वळणात शिरले आणि टपावरचं ओझं पुढे निघालं, मी मागे राहिले. उजवी चाकं उचलली गेली ते मला कळलं. बाबल्याने स्टेअरिंग फिरवलं, पण चार बोटं ढील. चार बोटं फिरेपर्यंत मी आडवी.

आंबा रस्ताभर. बाबल्याचा डावा हात माझ्या दरवाज्याखाली. लोकांनी मला उचलून त्याला बाहेर काढला. हात पुढे जुळला, पण वाकडा जुळला.

आता ऐका शेठची कमाल. गाव पोचायच्या आत त्याची माणसं आली आणि वरून चेपलेला कॅरियर सोडवून घेऊन गेली. मग शेठने गावात सांगितलं, टपावर एक पेटी नव्हती. पन्नासच्या पन्नास आत होत्या, बाबल्या प्यायला होता आणि गाडी साठने हाणत होता. पेट्या लादणारे गडी शेठच्याच बागेत राहणारे. ते जमिनीकडे बघत राहिले.

बाबल्या देवाच्या तीर्थाशिवाय काही प्यायला नव्हता, मित्रांनो. पण गावाने मला चार वर्षं डुलताना बघितलं होतं. डुलणाऱ्या गाडीत डुलणारा ड्रायव्हर, लोकांना पटायला काय वेळ लागतो? रत्नागिरीत, पालीला, हातखंब्याला, बाबल्याच्या हातात कुणी गाडी देईना. बायको राही दुसऱ्यांच्या बागेत गवत काढायला जाऊ लागली.

पण खरा घाव आला शिमग्याला. आमच्याकडे शिमगा म्हणजे देव पालखीत बसून सहाणेवर, गावच्या चौथऱ्यावर, येतो, आणि त्याच्यासमोर ढोल, नाच आणि सोंगं. सोंगात कुणाचीही थट्टा चालते, कुणी रागवायचं नाही ही रीत. त्या साली शेठच्या माणसांनी बाबल्याचं सोंग आणलं. एकाने बांबूच्या टोपल्यांची गाडी कमरेला बांधलेली, हातात बाटली, डावा हात वाकडा करून गळ्यात अडकवलेला. ढोलाच्या तालावर झुलत आला आणि देवासमोर धाडकन आडवा पडला. सगळा गाव हसला. बाबल्या पण हसला, न हसून चालत नाही. मागून मग खरी मी आले. शेठच्या बैलांनी ओढत आणली होती मला, शेताच्या कुंपणाकडून, जिथे वर्षभर माझ्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. माझ्या तोंडाला चपलांची माळ. शेठने गाडीचे कागद बाबल्याच्या हातात दिले आणि देवासमोर मोठ्याने म्हणाला, "घे, तुझी नवरी तुला देतो. भंगारवाला पण नको बोलला."

मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवलं. हा माणूस एकदा माझ्यात बसू दे. एकदाच. मग ते वळण आणि मी.

बाबल्याने घरी येऊन चपलांची माळ काढली, मला धुतली, अंडी राहीच्या पदरात दिली. रागाने भांडी आपटावीत तसं काहीच केलं नाही. माझ्या पायरीवर बसला आणि बायकोला हळूच म्हणाला, "राही, खरंच माझं चुकलं असेल काय गं? मी वळणाला आधी सावकाश केली असती तर?"

म्हणजे चोराने चोरी केली ती केली, वर घरधन्यालाच वाटायला लागलं की मीच चोर. हे मला सगळ्यात झोंबलं.

राही फटकळ. ती म्हणाली, चुकलं की नाही ते गाडीला विचारा, मला कशाला विचारता. आणि तिने एक बातमी सांगितली. शेठच्या परसात ती गवत काढायला गेली होती. तिथे पडवळाचा वेल चढलाय तो मांडव बांबूचा नाही, लोखंडी आहे. माझा कॅरियर. त्याचे चार पाय तिने ओळखले.

दुसऱ्या दिवशी बाबल्या सायकलवरून राजिवड्याला गेला आणि अयूबचाचाला घेऊन आला. चाचाने मला खांदा लावून हलवली. मी डुलले. परत हलवली. मग दाढी खाजवत म्हणाला, "बाबल्या, ही गाडी नाय, उताणी व्हायला बघणारी होडी हाय. होडीला काय करतो आपण? पोटात दगड."

बाबल्याने आधी आपल्या अकलेची कामं केली. स्टेअरिंगची पेटी उघडली, झिजलेले बुश बदलले, पुढच्या चाकांच्या किंगपिना काढून नव्या बसवल्या, ढील चार बोटांवरून अर्ध्या बोटावर आणली. शॉकअप मुंबईहून एका ट्रकवाल्याबरोबर मागवले. वाकड्या हाताला पाना धरता येईना, तर राही पाना धरायची आणि हा फिरवायचा. तिचे हात ग्रीसने काळे, आणि तोंड शेठच्या नावाने त्याहून काळं.

मग चाचाचे दगड. जांभ्याचे चार चिरे कापून आणले. चाचा म्हणाला, मागे घाला. मचव्याला बूड जड ठेवतात, नाहीतर पंखा पाण्याबाहेर येऊन हवेत फिरतो. उभ्या आयुष्यात त्याने वजन मागेच घातलेलं. बाबल्याने त्याचं ऐकलं आणि चारी चिरे माझ्या पाठीत, इंजिनाच्या वर ठेवले.

सड्यावर नेऊन बघितलं. मोकळा कातळ, ना झाड ना गुरं. बाबल्याने वेग घेतला आणि वळवली. काय सांगू मित्रांनो, माझं तोंड वळलंच नाही, आणि मग बूड असं फिरलं की मी उलट्या दिशेला तोंड करून थांबले. धुरळ्यातून राहीचा आवाज आला, "गाडी हाय की खेकडा?"

चाचाचा चेहरा उतरला. म्हणाला, असं होतच नाही, सत्तर सालच्या वादळात मी मचवा असाच आणला होता. परत केलं. परत खेकडा. मला भीती वाटली की बाबल्या आता पाना टाकून देईल. त्याचा चेहरा तसाच झाला होता. कातळावर बसला आणि वाकडा हात चोळत राहिला.

चाचा एकटाच माझ्याभोवती फिरत होता. पुढून मागे, मागून पुढे. मग पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि स्वतःच्याच कपाळावर थाप मारून घेतली.

"माझ्या अकलेला आग लागो. मचव्याचं सुकाणू मागं असतं रे, म्हणून वजन मागं. हिचं सुकाणू पुढं हाय. वजन सुकाणवाकडं पायजे."

चिरे उचलले आणि पुढे, ड्रायव्हरच्या पायाखाली, अगदी तळाला बांधले. परत वळवली. मी वळले. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबल्याने म्हटलं आणि मी ऐकलं, मध्ये काही अडलं नाही.

तरी वळणात एका अंगावर कलंडायची सवय होतीच. त्यावरही औषध चाचाकडेच. लहान होडीला बाजूला उलांडी असते, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला ओंडका. होडी त्या बाजूला कलायला लागली की उलांडी पाण्यात दाबून तिला सरळ धरते. चाचा म्हणाला, हिला पण उलांडी द्या. धोंडू लोहाराने ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पोलादाचा दांडा तापवून, वाकवून, पाणी पाजून दिला. तो माझ्या पोटाखाली आडवा, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत. मी एका अंगाला दबले की दांडा पिळतो आणि दुसऱ्या अंगालाही खाली ओढून धरतो. मागच्या टायरांत हवा जास्त, पुढच्यांत कमी. दर रविवारी सड्यावर वळणं. पावसाळा गेला, भात कापून झालं, बाबल्या वळतोच आहे. लोक म्हणायचे, येडा झाला.

तो येडा झाला नव्हता. तो शिमग्याची वाट बघत होता. मी पण.

चौऱ्याऐंशीचा शिमगा. पालखी सहाणेवर बसली, गाव जमला. सोंगं सुरू व्हायच्या आधी बाबल्या पुढे झाला, देवासमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आवाज बारीक, पण ढोल थांबले होते. म्हणाला, महिपतशेठ सांगतात की त्या दिवशी पन्नासच्या पन्नास पेट्या आत होत्या आणि मी प्यालो होतो. माझं म्हणणं, वीस पेट्या टपावर होत्या. देवासमोर दोघांतला एक खोटा. तर उद्या शेठच्याच पन्नास पेट्या, वाळू भरून, ह्याच गाडीत, तेच वळण. शेठने माझ्या बाजूला बसायचं. गाडी पडली तर मी ह्या सहाणेवर सांगेन की प्यालो होतो, आणि परत कधी स्टेअरिंगला हात लावणार नाही.

सगळ्या गावाने शेठकडे बघितलं. शेठ टोपी सारखी करून हसला. देवासमोर नाही कसं म्हणणार? म्हणाला, चल, मला कसली भीती. आणि बाबल्याने अजून एक मागितलं. शेठच्या परसातला पडवळाचा मांडव. लोकांना कळेना, पण शेठला कळलं. म्हणाला, ने की, जुनं लोखंड ते. पेटी काय, एक गोणपाट चढलं नव्हतं त्याच्यावर.

सकाळी निघालो. शेठचा नवा ट्रक गावकऱ्यांनी भरलेला मागे, मी पुढे. आत पन्नास पेट्या, बाबल्याने स्वतः रचलेल्या, जड खाली, फटीत भाताचा पेंढा, हलायला जागा नाही. शेठ बाबल्याच्या बाजूला. मित्रांनो, वर्षभर मी ह्या घडीची वाट बघत होते. त्याचं वजन माझ्या शिटेवर पडलं आणि माझ्या अंगभर तेल गरम झालं.

करवंदीचं वळण आलं. ह्या खेपेला बाबल्या चाळीसने होता. मी मनात म्हटलं, आता. आता फिरव बूड. दाखव शेठला आभाळ कुठे आणि रस्ता कुठे. जीव तोडून प्रयत्न केला मी. पण पायाखाली चिरे, पोटाखाली धोंडूचा दांडा. बाबल्याने चाक वळवलं आणि मी वळले, शहाण्या बैलासारखी, रेषेवरून. मला इतकी सुधारून ठेवली होती की पलटी व्हायचं माझ्या हातात राहिलंच नव्हतं.

पुलाशी थांबलो. मागून ट्रक आला. शेठ उतरला, आणि मला वाटलं आता ह्याचं तोंड बघण्यासारखं होईल. पण तो माणूस कसला. टोपी काढून वारा घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलंत? पन्नास पेट्या आत, आणि चाळीसनं पण पडली नाय. गाडीत खोट नाय. मग त्या दिवशी डुलत कोण होतं?"

मग कोणीतरी मान हलवली. दुसऱ्याने हलवली. वर्षभर आम्ही घाम गाळला तो शेठलाच खरं ठरवायला काय?

बाबल्या परत स्टेअरिंगला बसला. म्हणाला, चला, परत वर. मला वळवून वळणाच्या वरच्या अंगाला नेली. तिथे राही आणि अयूबचाचा बसले होते. त्यांच्यामध्ये माझा कॅरियर, पडवळाचा सुका वेल अजून त्याला लटकलेला. सकाळी बैलगाडीने आणला होता. चाचाने आणि बाबल्याने तो माझ्या टपावर चढवला. चार पाय टपाच्या चार भोकांत बरोबर बसले, जसे कधी निघालेच नव्हते.

मग बाबल्याने आतल्या वीस पेट्या काढल्या. गावकऱ्यांनी हात दिला, एक एक करून टपावर रचल्या, सुंभाने आवळल्या. मी तशीच उभी. दोन वर्षांपूर्वीचं ते ओझं परत डोक्यावर आलं आणि माझ्या स्प्रिंगा करकरल्या.

बाबल्या आपल्या जागेवर जाऊन बसला. बाजूचा दरवाजा उघडा ठेवला. म्हणाला, "बसा शेठ. आता तीसनंच जाऊ."

शेठ पायरीपर्यंत आला. एक पाय वर ठेवला. वर बघितलं. आणि तेव्हा, मित्रांनो, मी थोडी डुलले. कुणाला दिसणार नाही इतकीच. फक्त ज्याचा पाय माझ्या पायरीवर होता त्याला कळलं.

त्याने पाय काढून घेतला.

"वर एवढं वजन घेऊन ह्या वळणाला? उलटंल गाडी. माझ्या घरात बायकापोरं हायत."

तो बोलला आणि बोलून गेल्यावर त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. ट्रकमधली माणसं खाली उतरून उभी होती. राही पुढे झाली. मला वाटलं ही आता शिव्या देईल, वर्षभराच्या साठवलेल्या. तिने पदर खोचला आणि साधंच विचारलं.

"त्या दिवशी ह्यांच्या घरात नव्हती काय, शेठ?"

एवढंच. शेठच्या बागेतले दोन गडी मागे उभे होते. त्यांतला थोरला पुढे आला, जमिनीकडे न बघता बोलला, की वीस पेट्या वर मीच चढवल्या होत्या, शेठनं सांगितलं म्हणून, आणि बाबल्या नको बोलत होता. दुसरा म्हणाला, होय. मग सगळेच बोलायला लागले, आणि शेठ मात्र टोपी हातात घेऊन बघत राहिला. परत जाताना शेठच्याच ट्रकमध्ये शेठला कुणी जागा सरकून दिली नाही. उभ्याने आला.

संध्याकाळी सहाणेवर त्याने देवासमोर खरं सांगितलं. आवाज गोड राहिला नव्हता. तरणी माणसं बाबल्याकडे आली, म्हणाली, उद्या शेठचं सोंग काढतो, पायरीवरचा पाय काढून घेताना. मी तर आनंदाने हॉर्न वाजवला असता, तो शाबूत असता तर. बाबल्या नको म्हणाला. त्यांना वाटलं, केवढं मोठं मन. मोठं मन कसलं. मला ठाऊक आहे ना तो. तो म्हणाला, "सोंगाला लोक हसतात आन् इसरतात. मला हे कुणाला इसरू द्यायचं नाय."

त्याने कॅरियर माझ्या टपावरून काढला आणि घराच्या दर्शनी भिंतीला, रस्त्याकडे तोंड करून, खिळ्यांना टांगला. शेठचा बागेत जायचा रस्ता तोच. राहीने त्याच्यावर ना वेल चढवला ना कपडे वाळत घातले. रोज सकाळी शेठ तिथून जायचा आणि पलीकडच्या कुंपणाकडे बघत जायचा. अयूबचाचा मासळी घेऊन आला की मुद्दाम तिथेच टोपली टेकवून बसायचा आणि शेठ दिसला की विचारायचा, काय शेठ, ह्या साली पडवळ कसा हाय?

बाबल्याने मग माझ्यात परत अंथरूण केलं, कपाट केलं. कपाट खाली, बुटकं, वजन तळाला. लग्नाच्या गाड्या, आजारी माणसं, चिपळूणपर्यंत, कोल्हापूरपर्यंत, सगळं त्याने माझ्यातून नेलं. करवंदीच्या वळणाला तो दर खेपेला एक हात स्टेअरिंगवरून काढून माझ्या दरवाज्यावर थोपटायचा. वाकडा हात.

आता मी थकले. आत परत कोंबड्या येतात, पण ह्या राहीच्या, माझ्या माणसांच्या. माझा डूख गेला काय विचाराल तर गेला नाही. निवला, इतकंच. आणि म्हातारी झाले म्हणून तुम्हाला उपदेश करायचा माझा हक्क आहे, तर ऐका. गाडीची ढील वेळेवर काढा. मागच्या चाकात काय हवा आहे ते बघा. गाडी डुलायला लागली तर हसू नका, तिला काय दुखतंय ते बघा, आणि जो ती चालवतो त्याचं ऐका. जड ते खाली ठेवा. आणि कोण कितीही गोड बोलून टपावर ओझं चढवायला लागला, तर भांडू नका, आरडू नका. बाजूचा दरवाजा उघडा आणि त्याला म्हणा, आधी तू बस.